ताईंची बाजू

दुपारी फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत बसले होते. वर्ध्याजवळच्या वृद्धनिवासाचे व्यवस्थापक बोलत होते. "काकू, ताई सकाळी गेल्या. अगदी शांतपणे गेल्या." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यांची माणूस ओळखण्यात काहीतरी चूक झाली आहे. आमच्या ताई शांतपणे कुठं जाणाऱ्यातल्या नव्हेत... मग मी ताट बाजूला सारलं आणि मुलाला हाक मारली. त्या फोनला आता सहा आठवडे होत आले.

ताई म्हणजे कुसुमताई, माझी थोरली नणंद. अल्लीपूरला त्यांचं किराण्याचं दुकान होतं. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, दुकान त्यांच्या दिराच्या मुलांनी सांभाळलं. पुतण्यांनी म्हातारीला काढून दिलं असं पुष्कळांना वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिते, तसं काही झालं नाही. पुतणे चांगले होते आणि सुना त्याहून चांगल्या. ताई न्हाणीत दोनदा घसरल्या, दुसऱ्यांदा पुतण्याला त्यांना उचलून खोलीत आणावं लागलं, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं. केळझरच्या गणपतीला जाऊन आलेल्या कुणीतरी वाटेतल्या या निवासाविषयी सांगितलं. ताई स्वतः जाऊन खोली बघून आल्या आणि महिनाभरात ट्रंक भरून मोकळ्या झाल्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं. भरल्या घरातून उठून आपल्या पायानं असं कुणी जात नसे. नातलगांच्या तोंडाला बरेच दिवस काम मिळालं. सर्वात जास्त मीच बोलले.

मी हिंगणघाटहून महिन्यातून एकदा एसटीनं त्यांच्याकडे जायची. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं कधी पटलं नाही, पण अबोलाही कधी धरला नाही. पहिल्याच भेटीत जुंपली. त्यांनी मला न्हाणीघर दाखवलं. "हे पाह्य, धराले दांडा हाये."

"दांड्यासाठी कोणी घर सोडते का, ताई?"

"तुह्या घरी हाये का?"

नव्हता. पुढच्या महिन्यात मी तयारी करून गेले. वरणाला फोडणी नसते, भाजीत तिखट नसतं, खोलीत चूल-स्टोव्ह ठेवू देत नाहीत, म्हणजे आल्यागेल्याला स्वतःच्या हातचा चहाही करता येत नाही. शिवाय सगळीच पिकली पानं, पोरांच्या रडण्याखेळण्याचा आवाज कुठं नाही, एखादी खुर्ची रिकामी होते आणि आठवड्यात तिथं दुसरं कुणी येऊन बसतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आपली बाजू मांडली. मंगळवारी डॉक्टर येतो. मे महिन्यात कूलर लागतात. जेवण वेळेवर मिळतं आणि 'आज भाजी काय करू' हा प्रश्न उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी विचारत नाही. दुपारी बायका भजनाला बसतात, ज्यांना देवाचं काही नाही त्या पत्ते खेळतात. आता दूर बसून पाहते तेव्हा मला त्यांचं जवळजवळ सगळंच खरं वाटतं. माझंही खरं होतं.

चार-पाच भेटींनंतर मीच विचार केला, कशाला उगाच... आणि जाताच म्हटलं, "ताई, जागा खरंच चांगली हाये हो."

"काय चांगली? वरण पाह्यलं का? पाण्यात हळद टाकून देतात." एवढं म्हणून त्यांनी माझी अख्खी बाजू माझ्याहून झणझणीत मांडली. मग दांडा, डॉक्टर आणि कूलर यांची बाजू मला घ्यावी लागली. एसटी चुकायची वेळ आली तरी आमचं मिटलं नाही.

असं आठ वर्षं चाललं. एकदा त्या सहज बोलून गेल्या, "इथं सारे हो म्हणतात, सुमन. मी म्हटलं आज गुरुवार, तर हो. मी म्हटलं शुक्रवार, तरी हो. अल्लीपूरलेही तेच होऊन राह्यलं होतं. म्हातारी हाये, म्हणू दे." हा दोष त्या जागेचा नव्हता, वयाचा होता. घर बदलून तो जात नाही हे त्यांना तिथं जाऊन कळलं. मग त्या माझ्या मागं लागल्या, की शेजारची खोली तू घे. त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, गेल्यावर तर फारच. मी नाही म्हणत राहिले, पण निवासाच्या यादीत नाव घातलं. तेवढाच भांडायला विषय.

शेवटची भेट माझ्याच्यानं विसरवत नाही. ताईंचे पाय सुजले होते, एक वाक्य दोन दमांत होत होतं. तरी त्यांनी सुरुवात केलीच. "बाजूची खोली खाली होऊन राह्यली. येजो आता."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि म्हटलं, "येते ताई. तुमचंच बरोबर होतं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणे?"

"काही नाई."

"मंग तू काऊन हो म्हणून राह्यली?"

मी त्यांच्या पायांवर चादर ओढली. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी निघाले तेव्हा त्या जाग्या होत्या, पण 'येजो' म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं, मी त्यांना समाधान देते आहे. त्यांच्याशी भांडणारं उरलेलं एक माणूस मी काढून घेतलं. त्याचं मला वाईट वाटतं, आणि या वयात ते कमी होईल असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात व्यवस्थापकांचा पुन्हा फोन आला. यादीत आता माझं नाव पहिलं आहे, ताईंची खोली हवी असेल तर रंग देऊन ठेवतो म्हणाले. माणूस सज्जन आहे.

मी म्हटलं, "तुमच्या बागेतली बाकं उन्हात ठेवली आहेत."

"बरोबर आहे, काकू."

"पण थंडीत म्हाताऱ्यांना ऊनच लागतं."

"तेही खरं आहे, काकू."

मी थोडा वेळ थांबून पाहिलं... मग म्हटलं, "माझं नाव खोडून टाका."

"बरं, काकू," ते म्हणाले.