एकही मतदार नसलेली गल्ली

आमच्या गल्लीत चौदा इमारती होत्या आणि एकही मतदार नव्हता. तिथे राहायला लागून सात वर्षं झाल्यावर मला हे कळलं, तेही एका पेशंटच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेली असताना.

सौदी अरेबियात, तांबड्या समुद्राच्या काठावर, यान्बू आणि राबिघच्या मधे ते गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच आहेत आणि मीही तिथेच आहे. नवरा राबिघच्या बाजूला एका प्लांटमध्ये टेक्निशियन आहे, मी एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. मूळचे आम्ही चिपळूणचे. गल्लीतली घरं जुनी. त्यांचे सौदी मालक केव्हाच रुंद रस्त्यांच्या नव्या वस्तीत राहायला गेले होते, आणि मागे राहिलेल्या खोल्यांत आम्ही भरलो होतो: इजिप्तचे शिक्षक, सुदानी ड्रायव्हर, एक बांगलादेशी शिंपी, केरळच्या नर्सेस.

गल्लीच्या तोंडाशी गटाराचं एक चेंबर होतं. त्याचं झाकण फुटलं होतं आणि दर दोन-चार दिवसांनी ते तुंबून पाणी रस्त्यावर यायचं. पाणी आलं की चेंबर कुठे आहे ते दिसायचंच नाही. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून सरकत जायला शिकलो होतो. माझी मुलगी तर शाळेच्या बसपर्यंत डोळे मिटून जाईन म्हणायची. मालकाला सांगितलं की तो म्हणे बलदियाला सांगा. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. बलदियात कुणी गेलंच नाही. जाणार कोण?

मग एका दुपारी आमच्या दवाखान्यातली केरळची नर्स ड्यूटीवरून घरी येताना त्या चेंबरात पडली. सातवा महिना होता तिला. मी वरून तिची हाक ऐकली आणि तशीच अनवाणी धावले. बाळाला काही झालं नाही, पण तिचा घोटा दोन ठिकाणी मोडला. बाळंत झाली तीही प्लास्टर पायात असताना. पुढे तीन महिने मी तिच्याकडून व्यायाम करून घेतले. ती एकदाही चिडली नाही. उलट म्हणायची, "दीदी, माझंच लक्ष नव्हतं." मला त्या वाक्याचा जो राग आला, तो आजपर्यंत गेलेला नाही.

त्याच दिवसांत त्या बाई माझ्याकडे यायला लागल्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, साठीच्या पुढच्या, उजवा गुडघा बदललेला. सगळे त्यांना उस्ताज़ा म्हणत. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात तसंच ते, म्हणून माझ्या मनात त्या बाईच झाल्या. त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत बायकांना पहिल्यांदाच मत देता येणार होतं, उभंही राहता येणार होतं. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"पाय सरळ. धरून ठेवा. पाच," मी म्हटलं.

"तू आकडे मोजतेस तेव्हा मला माझ्या विद्यार्थिनींची दया येते," त्या कण्हत म्हणाल्या. मग मोबाइलवरचा आपल्या वॉर्डाचा नकाशा दाखवायला लागल्या. कुठल्या मोहल्ल्यात किती बायकांनी नावं नोंदवली, कुठे बाग हवी, कुठे दिवे हवेत. आमची गल्ली त्या नकाशावर नुसती करडी होती.

"इथे काहीच नाही?" मी विचारलं.

"इथे मतदार नाहीत."

"माणसं आहेत."

बर्फाची पिशवी माझ्या हातात तशीच होती. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी त्यांना चेंबरचं सांगितलं, नर्सचं सांगितलं. माझं अरबी दवाखान्यातलं. ‘वाका’, ‘दुखतं का’, ‘हळू’ यांपलीकडे फारसं जात नाही. तरी त्यांना सगळं समजलं.

"मला दाखव," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी त्या खरंच आल्या. त्यांच्या भाच्याने गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली. बाईंनी वॉकर टेकला, दुसऱ्या हाताने अबाया घोट्यावर उचलला आणि पाण्यात उतरल्या. मी ओरडले, "पाय घसरेल!" त्यांनी ऐकलं नाही. शिंपी दुकानातून बाहेर येऊन बघत राहिला. बाई चेंबरापाशी थांबल्या, वॉकरचा पाय आत किती जातो ते पाहिलं आणि म्हणाल्या, "या गल्लीत माझा जन्म झाला. तेव्हा इथे झाकण होतं."

त्या संध्याकाळी नवरा जेवता जेवता थांबला. "अगं, हे काय ऐकतोय मी? तू त्यांच्या निवडणुकीत पडलीस?"

"मी गटारात पडायची वाट बघू का?"

"मस्करी नको. इकामा आहे आपला, नुसता राहण्याचा परवाना, नागरिकत्व नाही. उद्या आपला व्हिसा ज्याच्या हातात त्या कफीलला कुणी काही सांगितलं तर एका कागदावर खलास. पोरीची शाळा अर्धवट."

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, इट्स नॉट अवर सिटी."

तिचा जन्म त्याच गावचा. तिला ठाऊक असलेला एकूण एक रस्ता त्याच गावातला. मी तिला म्हटलं, "मग तुझं गाव कुठलं, सांग." तिने जरा विचार केला आणि खांदे उडवले. चिपळूणला आमची नावं मतदार यादीतून केव्हाच गेली होती. सुट्टीत चौकशी केली तर दिरांनीच हसून सांगितलं होतं, "वहिनी, तुम्ही आता तिकडच्या." इकडच्यांना आम्ही तिकडचे आणि तिकडच्यांना इकडचे. नवऱ्याची भीती खोटी नव्हती, हे मला कळत होतं. पण नुसतं भिऊन आणखी किती वर्षं भिंतीला घासत चालायचं?

बाईंनी आपल्या घरी बायकांची सभा ठेवली होती. कॉफी, खजूर, पंचवीस-तीस बायका. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ही माझ्या गुडघ्याची डॉक्टर. हिचं ऐका." मी उभी राहिले. अरबी अडेल तिथे इंग्रजी घालून बोलले. मी म्हटलं, "मी मत देऊ शकत नाही. आमच्या गल्लीसाठी मागायला आलेय. गटार वाहताना इकामा बघत नाही."

काही बायका हसल्या. एक तरुण बाई हसली नाही. तिने शांतपणे विचारलं, "आज गटार, उद्या तुम्हाला मताचा हक्क दिला तर? या गावात तुम्ही आमच्याहून जास्त आहात. आम्हालाच आत्ता कुठे मिळतंय. तुमच्या गावात बाहेरून आलेल्या मजुरांना देता का तुम्ही मत?"

डोळ्यांपुढे आमच्याकडच्या हापूसच्या बागा आल्या. तिथे वर्षानुवर्षं नेपाळी गडी राखण करतात, त्यांची बायकापोरं तिथेच खोपटात वाढतात. त्यांच्या खोपटापर्यंत पाण्याची लाइन कधी गेली का, हे मी जन्मात विचारलं नव्हतं.

"नाही देत," मी म्हटलं. "ते चूक आहे. आणि माझं गाव चुकलं म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. मला तुमचा देश चालवायचा नाही. राजा कोण, कायदा काय, ते तुमचं. पण ज्या रस्त्यावरून मी रोज चालते, त्या रस्त्याबद्दल मला विचारा. तेवढं तरी विचारा."

तिला पटलं असं मी म्हणणार नाही. पण तिने माझ्या कपात कॉफी ओतली.

दोन दिवसांनी दवाखान्याच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. तो स्वतः सीरियाचा, बायकोपोरांसह इकाम्यावरच आलेला. आवाज खाली आणून म्हणाला, "सिस्टर, तुझं काम गुडघे नीट करणं."

"गुडघे नीट झाल्यावर पेशंट चालणार कुठे? रस्त्यावरच ना?"

"मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि खरंच माहीत होतं. "पण आपली नर्स पडली तेव्हा तुम्हीच तिची रजा मंजूर केलीत. ती कशामुळे पडली, ते तुम्ही लिहिलंत का कुठे?" त्याने समोरची फाइल उघडली. मला काढलं नाही. पुढे कधी त्याने तो विषयही काढला नाही.

मतदानाच्या दिवशी बाईंनी मला सोबत नेलं, कारण बायकांचं मतदान केंद्र एका शाळेत होतं आणि दाराशी सहा पायऱ्या होत्या. मी त्यांना एकेक पायरी चढवलं: चांगला पाय आधी, मग काठी आणि दुखरा पाय. दारात एक सौदी तरुणी ओळखपत्रं बघत होती. बाईंनी आपलं दाखवलं. मी माझा इकामा पुढे केला.

"हे इथे चालत नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. तरी बघून घ्या. मी याच गावात राहते, असं त्यावर तुमच्याच सरकारने लिहिलंय."

त्या मुलीने इकामा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि मान डोलावून परत दिला. "तुम्ही इथे बसा," असं म्हणून तिने स्वतःची खुर्ची मला दिली. मी दाराबाहेर बसले आणि आत जाणाऱ्या बायका बघत राहिले. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा आनंद झाला आणि तितकाच हेवाही वाटला. त्यातलं एकही लपवावं असं वाटलं नाही.

बाई हरल्या. थोडक्यात नाही, चांगल्याच फरकाने. निकालानंतरच्या सेशनला त्या ठरल्या वेळी आल्या, झोपल्या आणि म्हणाल्या, "आज वाकवताना दया करू नकोस." व्यायाम संपल्यावर काठी उचलून दारातच थांबल्या. "यल्ला, चल. बलदियात जाऊ. हरलेल्या बाईलाही तक्रार करता येते."

"आणि मला?"

"बघूया काय म्हणतात ते."

बायकांच्या खिडकीवरच्या कारकून मुलीने अर्ज घेतला. अर्जदाराच्या जागी बाईंचं नाव लिहायला लागली तेव्हा बाईंनी तिचं पेन थांबवलं. "हिचं लिही. मी आता त्या गल्लीत राहत नाही, ही राहते." मुलीने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. बराच वेळ गेला. परत येऊन तिने माझा इकामा नंबर रकान्यात भरला आणि शिक्का मारला. साधा निळा शिक्का, जरा फिसकटलेला. बाहेर येऊन मी तो कागद शिंप्याला दाखवला, इजिप्तच्या मास्तरांना दाखवला, नर्सला दाखवला. पुढच्या दोन आठवड्यांत गल्लीतल्या अकरा जणांनी आपापले अर्ज दिले. शेवटचा अर्ज माझ्या नवऱ्याचा होता. मला न सांगता सुट्टीच्या दिवशी जाऊन देऊन आला होता.

काम व्हायला पाच महिने लागले. चेंबर नवं बांधलं, लोखंडी झाकण बसवलं, पाइप मात्र जुनाच ठेवला. म्हणून पाणी अजून कधीमधी येतं. पण आता कुणी पडत नाही.

मागे जेद्दाला एका मराठी घरी हळदीकुंकवाला गेले होते. तिथे एक बाई मला समजावत म्हणाल्या, "आपण पाहुणे इथे. पाहुण्यांनी घराला नावं ठेवू नयेत." मी म्हटलं, "अठरा वर्षं कुणी पाहुणं राहतं का हो? पाहुण्याला घरातली भांडी घासायला लावतात का?" त्यांनी विषय बदलला. मी बदलू दिला नाही. मराठीत व्होटला आणि विचाराला एकच शब्द आहे, मत. पेटीत टाकायचं मत मला इथे कधी मिळेल असं वाटत नाही. पण दुसरं मत माझ्याकडे आहे आणि ते द्यायला मी कुणाची परवानगी मागत नाही.

आता तक्रारी मोबाइलवरच करता येतात. गेल्या महिन्यात शाळेच्या वळणावरच्या बंद दिव्याची केली. उत्तर आलं, ‘दुरुस्ती झाली’. जाऊन पाहिलं, दिवा बंदच. त्याच जागी उभी राहून मी फोटो काढला आणि तक्रार पुन्हा उघडली.