मागून निघालेला माणूस

गाठमास्तर भरल्या ताटावरून उठायचे. रस्त्यानं कुणी झपाझप जाताना दिसलं, की हातातला घास टाकून दारात जायचे आणि तो माणूस दिसेनासा होईपर्यंत उभे राहायचे. मी त्यांच्याच शाळेत भाषा शिकवायचो आणि त्यांच्याच ओसरीवरच्या खोलीत राहायचो, त्यामुळे त्यांची कितीतरी निवलेली ताटं पाहिली. 'म्हाताऱ्याला बाधा झालीय,' असं मी थट्टेनं म्हणायचो. त्याची आता लाज वाटते.

'गाठमास्तर' हे नाव त्यांना पोरांनी दिलेलं. एक जण आधी निघतो, दुसरा मागून, तर कुठे गाठील, हे एकच गणित ते जीव ओतून शिकवत. फळ्याच्या डावीकडे आमचं गाव, उजवीकडे बारा मैलांवरचं गोंदियाचं स्टेशन. "पुढचा तासाला तीन मैल चालून राहिला. दोन तासांनी मागचा सायकलनं निघाला, तासाला नऊ मैल. मधातलं अंतर सहा मैल, अन् तासाला सहाच मैल तुटते. म्हंजे एका तासात, नवव्या मैलावर गाठते!" आकडे वर्षानुवर्षं तेच.

एकदा शाळा सुटल्यावर मी चिडवलं, "मास्तर, तुमचा मागचा माणूस कधी हरत कसा नाही हो?"

ते बाकावर बसले.

"धनलाल माजा लहान भाऊ," ते म्हणाले. "चार लोकांत मी त्याले 'आयतखाऊ' म्हटलं. तो चहाच्या मळ्यावर जाणाऱ्या मजुरांसंगं आसामले निघाला. दोन तासांनी मले समजलं. बायको म्हणे, पळा जी, बसून काऊन राहिले? मी हिशोब केला. त्याले स्टेशनावर पोचाले अजून दोन तास, मले सायकलनं एक तास वीस मिनिटं. म्हटलं, जेवून निघू."

मास्तरांनी सडकेचे मैल धरले होते. धनलाल तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून गेला. ती पाळ त्यांच्याच आजोबांनी बांधलेली, तिच्यावरून तीन मैल वाचतात हे त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पाळीवर सायकल चालत नाही, आणि सायकल घेतल्यापासून मास्तर ती वाट विसरूनच गेले होते.

"स्टेशनावर गेलो तं गाडी सुटून वीस मिनिटं झालती. जेवाले अर्धा तास गेलता. तो चालून राहिला, अन् मी भात कालवून राहिलो."

धनलालचं पत्र कधी आलं नाही. फळ्यावरचा मागचा माणूस मात्र न जेवता निघायचा, म्हणून रोज गाठायचा. त्यानंतर मी थट्टा केली नाही.

शेवटच्या तापात मास्तरांनी चार दिवस अन्न घेतलं नाही. त्या दुपारी एकदम डोळे उघडून मला विचारलं, "धनलाल कुठवर गेला असंल?"

मी खोटं बोललो. "पाळीवरच आहे, मास्तर. गाठाल."

"मंग सायकल राहू द्या. पायीच जातो." त्यांनी खरंच पाय खाटेखाली सोडले.

मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पेजेची वाटी घेऊन उशाशी बसल्या होत्या. रडतच म्हणाल्या, "दोन घास खाऊन जा जी."

मास्तरांनी वाटी हळूच बाजूला सारली.

"नाही. मागच्या बारीले जेवलो होतो."