सोनं पडणार होतं

एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की, यापुढे डॉलरच्या बदल्यात कुठल्याही सरकारला सोनं मिळणार नाही. जगभरातले बडे बँकवाले त्या दिवशी हादरले म्हणतात. सोलापुरात आमचे हे सोडले तर कुणी हादरलं नाही. आमच्या घरातून डॉलर घेऊन सोनं आणायला कधी कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे ते बंद झाल्याची झळ मला बसायचं काही कारण नव्हतं. असा माझा समज होता.

आमचे हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. म्हणजे सकाळी कॉलेजात पोरांना शिकवायचे आणि संध्याकाळी सात रस्ता चौकातल्या एका हॉटेलात उरलेल्या गावाला. तिथं पगार नव्हता, उलट सगळ्यांच्या चहाचे पैसे हेच द्यायचे, त्यामुळे तिथली हजेरी कॉलेजापेक्षा बरी असायची. चादरीचे दुकानदार, कचेरीतले कारकून, दोन-तीन वकील, असा तो वर्ग भरायचा.

डॉलरच्या त्या बातमीनंतर आठ दिवस तिथं एकच विषय चालला. यांचं म्हणणं असं की, जगातल्या सगळ्या मध्यवर्ती बँका तळघरात सोनं घेऊन बसल्या आहेत त्या केवळ डॉलरची आणि सोन्याची गाठ होती म्हणून. आता गाठ सुटली. मग त्या पिवळ्या विटा सांभाळायच्या कशाला? एकेक बँक सोनं बाजारात काढणार आणि सोनं पितळेच्या भावानं जाणार. शहाण्या माणसानं आत्ताच दागिने मोडावेत आणि सरकारी कर्जरोखे घ्यावेत. सरकार दर सहा महिन्यांनी व्याज देतं, मुदत भरली की मुद्दल देतं, आणि सरकार काही पळून जात नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. व्हय सर, बरोबर हाय की, म्हणाले. चहा प्यायले, घरी गेले, आणि त्यातल्या एकानंही गुंजभर सोनं हलवलं नाही. आपल्याकडं विद्वानाला मान देतात तो असा. एका कारकुनाला मात्र कुठून बुद्धी झाली कुणास ठाऊक. त्यानं विचारलं, सर, तुमच्या घरचं मोडलं का? त्या कारकुनाला मी आजतागायत क्षमा केलेली नाही.

आमच्या घरचं म्हणजे माझ्या पाटल्या. माढ्याला माझ्या वडिलांचा ऊस ज्या वर्षी पहिल्यांदा कारखान्याला गेला, त्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी त्या घडवून घेतल्या आणि लग्नात स्वतः माझ्या हातात घातल्या. घालताना ते म्हणाले होते की, ह्या तुझ्या आहेत, कुणी मागितल्या तरी द्यायच्या नाहीत. वडिलांना चोराची भीती होती. जावई अर्थशास्त्राचा आहे हे त्यांना माहीत होतं, पण अर्थशास्त्र म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मी भांडले. आठवडाभर भांडले. हे शांतपणे मला आंतरराष्ट्रीय चलनव्यवस्था समजावून सांगत राहिले. रात्रीचं जेवण झालं की चलनव्यवस्था, सकाळी अंघोळीचं पाणी काढताना चलनव्यवस्था. शेवटी मी दिल्या. दमून दिल्या म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मला त्यांचं पटलं होतं. एवढी जाड पुस्तकं वाचणारा माणूस माझ्या दोन पाटल्यांच्या बाबतीत चुकेल, असं मला वाटलंच नाही.

आता खरी गंमत. आमच्या भिंतीला भिंत लागून एक चादरीचे व्यापारी राहायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, त्यांच्या बायकोला अक्का. घरात कानडी, दुकानात मराठी. अण्णा सात रस्त्यावरच्या वर्गातले सगळ्यात भाविक विद्यार्थी. पाटल्या विकायच्या ठरल्या हे कळल्यावर ते घरी आले आणि म्हणाले, सराफाला कशाला, आम्हालाच द्या, घरच्या घरात राहतील.

यावर आमच्या ह्यांना आनंद व्हावा की नाही? नाही. त्यांना दुःख झालं. पडणारी वस्तू शेजाऱ्याच्या गळ्यात मारायची हे त्यांच्या मनाला पटेना. दोन संध्याकाळी त्यांनी अण्णांना सोनं का घेऊ नये हे समजावलं. अण्णांनी दोन्ही संध्याकाळी हात जोडून ऐकलं आणि म्हणाले, "सर, मला पटतंय वो तुमचं. पन घरात ऐकत न्हाईत की." तेव्हा निरुपाय होऊन ह्यांनी पाटल्या दिल्या, आणि मित्राचं नुकसान जरा तरी कमी व्हावं म्हणून बाजारभावापेक्षा तोळ्यामागं दहा रुपये कमी घेतले. हे त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. मी त्या वेळी भाकरी थापत होते, ती जरा जास्तच जोरात थापली गेली.

आलेल्या पैशांचे रोखे आले. जाड कागद, नक्षीदार कडा, खाली सही. ते हातात घालता येत नव्हते, ही एकच अडचण.

अक्का बाई मनानं चांगली होती. गच्चीवर शेवया वाळत घालायला आली की पाटल्या कोपरापर्यंत वर सरकवायची, मला दिसू नयेत म्हणून. त्यामुळे त्या मला जास्त दिसायच्या.

पुढच्या वर्षी पाउंडाचं काहीतरी झालं. इंग्लंडनं आपल्या पाउंडाचा बांधलेला भाव सोडून दिला, बाजार ठरवील तो भाव म्हणाले, आणि बाजारानं तो खाली ठरवला. आपला रुपया तेव्हा पाउंडाला बांधलेला होता, म्हणून तोही निमूटपणे मागोमाग खाली गेला. आमच्या ह्यांना हे फार आवडलं. त्यांनी वर्गाला सांगितलं की, पाउंडाच्या हिशेबात रुपया जागच्या जागी आहे, जर्मनीच्या मार्काच्या हिशेबात मात्र तो पडला आहे. अण्णा हे ऐकून उठले आणि दुकानात जाऊन चादरीचा भाव वाढवून आले, कारण त्यांचा रंग जर्मनीहून यायचा. त्यातून सुटलेल्या पैशांचं त्यांनी आणखी सोनं घेतलं. घरात ऐकत नव्हते ना.

सोनं पडेना. ते चढायलाच लागलं. मी विचारलं की हे म्हणायचे, बाजाराला उशिरा कळतं. मध्ये दुष्काळाचं साल आलं, रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आली. माढ्याच्या शाळूवर वाढलेल्या माणसाला ती भाकरी म्हणून खायला लागणं ही काय शिक्षा आहे ते ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक. ती खातानाही हे डॉलरचंच बोलत होते.

मग चौऱ्याहत्तर साल उजाडलं. महागाई अशी भडकली की आमच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजाचा दर वाढवला. पेपरात पहिल्या पानावर आलं. मी ते वाचलं आणि खरंच सांगते, मला आनंद झाला. व्याज वाढलं म्हणजे आमच्या रोख्यांचं व्याज वाढलं. त्याच सुमारास माढ्याहून माझ्या थोरल्या भावाचा निरोप आला होता की, त्याच्या मुलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं ठरतंय. भाचीच्या लग्नात आत्या माहेरी मोकळ्या हातानं जाणार, हे माझ्या जिवाला लागलं होतं. पाटल्या विकल्या आहेत हे मी माहेरी कुणाला कळू दिलं नव्हतं. मी ह्यांना सांगितलं की, आता रोखे विका आणि मला पाटल्या करून द्या. जुन्या मिळाल्या तर अण्णांकडून आणा, नाहीतर नव्या करा.

हे बँकेत गेले आणि दुपारी परत आले ते चेहऱ्यावर तेज घेऊन. त्या तेजानं मी फसले. मला वाटलं, काम झालं.

"अगदी पुस्तकातल्यासारखं झालं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. आपल्या रोख्याचं व्याज घेतानाच ठरलेलं, ते वाढत नाही. आता सरकार नवे रोखे काढणार ते जास्त व्याजाचे. मग जास्त व्याजाचा नवा कागद मिळत असताना आपला जुना कागद पूर्ण भावानं कोण घेईल? म्हणून व्याजाचा दर चढला की जुन्या रोख्याचा भाव उतरतो. शंभराच्या कागदाला आज कुणी शंभर द्यायला तयार नाही. त्यांनी एका वाटीवर पळी आडवी ठेवली, एक टोक दाबून दुसरं वर गेलेलं दाखवलं. सिद्धांत तंतोतंत खरा ठरला होता, फक्त आमच्यावर ठरला होता.

मी म्हटलं, हे पुस्तकात होतं तर घ्यायच्या वेळी का नाही वाचलं? तर म्हणाले, तो धडा वेगळा.

इकडे रोखे उतरलेले आणि तिकडे सोनं दुपटीच्या कधीच पुढे गेलेलं. दोन पाटल्या मोडून घेतलेल्या कागदांत आता एक पाटलीसुद्धा धड बसत नव्हती. मला रडू आलं, आणि मी ते ह्यांच्यासमोर रडले. माझे वडील तोवर गेले होते. पाटल्या नव्या करता आल्या असत्या कधीतरी, वडील कुठून आणणार होते? हे पळी हातात धरून बसून राहिले. नंतरच्या दिवसांत त्यांनी अरबांना दोष दिला, तेलाला दिला, अमेरिकेच्या युद्धाला दिला, सट्टेबाजांना दिला. जगाच्या नकाशावरचं एकही ठिकाण सुटलं नाही, आमचं घर तेवढं सोडून. माझं चुकलं, एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मी अबोला धरला. त्यांच्या तो आठवडाभरानं लक्षात आला.

लग्न पंचाहत्तरच्या मे महिन्यात माढ्याला होतं. निघायच्या आदल्या दिवशी अक्का मागल्या दारानं आली. तिनं हातातल्या पाटल्या उतरवून माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "तगो, घे. घाल की गं. म्हायेरी मोकळ्या हातानं जातीयास काय?" मी नको म्हणाले. म्हणता म्हणताच हात पुढं केला. चार वर्षांनी त्या गेल्या तशा हातात आल्या, कुठं अडल्या नाहीत. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. यातलं काय जास्त वाटलं ते मला अजून सांगता येत नाही.

माढ्याला मांडवात शिरताच भावानं आधी माझ्या हाताकडं बघितलं. "हाईत की पाटल्या. कोन म्हनत हुतं, मास्तरानं इकल्या म्हून," तो म्हणाला. मी म्हटलं, लोकांना काय, काहीही बोलतात.

पंगत उठल्यावर एक पोरगा आला आणि पाया पडला. गावातलाच, ह्यांच्या कॉलेजात बी.कॉम.ला होता, नुकतीच शेवटची परीक्षा देऊन आलेला. तोही माझ्या हाताकडे बघत होता. म्हणाला, "काकू, पाटल्या परत मिळाल्या व्हय? लई बरं झालं."

मी विचारलं, तुला रे काय माहीत?

त्यानं सांगितलं ते असं. व्याजदर चढला की रोखा का उतरतो हे शिकवताना सर फळ्यावर दोन गोल काढतात. मुलं आधी हसली, वाटलं काहीतरी आकृती आहे. तर सर म्हणाले, ह्या पाटल्या आहेत. ह्यांत माझ्या बायकोचा हात होता, तो मी मोकळा केला. मला कळत नव्हतं, आणि कळतंय असं वाटत होतं, अर्थशास्त्रात यापेक्षा महाग काही नसतं. दोन्ही तुकड्यांना सरांनी असंच सांगितलं. पुढं कॉलेजच्या परीक्षेतही प्रश्न आला, पाटल्यांच्या उदाहरणासह स्पष्ट करा, पाच मार्क.

मी विचारलं, तुला किती मिळाले? साडेतीन, म्हणाला.

मी हसले, कारण मांडवात दुसरं काही करता येत नव्हतं. पण मला असा संताप आला होता की कानशिलं तापली. ज्या दोन शब्दांसाठी मी वर्षभर वाट बघत होते, ते ह्यांनी दोन तुकड्यांना वाटून टाकले होते. पोरांनी ते वहीत उतरवून घेतले, पाठ केले, त्यावर मार्क मिळवले. ज्या बाईचे ते होते ती मात्र घरात बसून अरब आणि तेल ऐकत होती.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी होते, हे शेजारी. गाडी माढा सोडून निघाली तशी मी त्यांच्याकडं न बघता म्हटलं की, फळ्यावर काय काढता ते कळलं मला. घरी कधी बोलला नाहीत.

पुढच्या बाकावरची बाई लेकराला निजवत होती, हे तिकडं बघत बसले. मोहोळला गाडी थांबली, माणसं उतरली, नवी चढली, कंडक्टर ओरडून गेला. गाडी पुन्हा निघाल्यावर ते अगदी हळू म्हणाले, "वर्गात बोलताना फळ्याकडं तोंड करता येतं गं."

मग पुढं म्हणाले, "चुकलं माझं."

पाटल्या सकाळी अक्काला परत द्यायच्या होत्या. सोलापूर येईपर्यंत हे माझ्या हाताकडे बघत होते, आणि मी हात पदराखाली घेतला नाही.