पुढच्या भागासाठी स्थळ

गुरुवारी सकाळी मेथी निवडत असताना फोनवर बातमी दिसली की आमच्या यानाला दिग्दर्शक मिळाला. मिळाला म्हणजे मिळाली. ज्या बाईसाठी मी दोन वर्षं मुलाशी भांडत होते, तीच. मी जिंकले होते. पण मेथीची जुडी तशीच ठेवून मी बसून राहिले, कारण आता रविवारी मुलाशी काय बोलायचं, हे मला सुचेना.

आमचं यान म्हणजे परदेशी सिनेमांची एक मालिका आहे. मुलगा चौथीत होता तेव्हा तिचा पहिला भाग आला. पृथ्वीवरून निघालेलं एक मोठं यान वाट चुकतं आणि आतली माणसं राहायला जागा शोधत फिरतात, एवढीच गोष्ट. प्रत्येक भागात वाटतं, आता सापडली, आणि शेवटाला काहीतरी बिनसतं. सापडली तर पुढचा भाग कसा काढणार, म्हणा! पहिला भाग बेळगावात हिंदीतून लागला होता. ह्यांना असल्या सिनेमांचं वावडं, म्हणून मुलाला घेऊन मी गेले. मध्यंतरापर्यंत मी चक्क झोपले होते. नंतर जागी झाले ती कायमचीच. तेव्हा मी कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिस्ट होते. दिवसभर लोकांच्या वाटण्या आणि बांधाची भांडणं टाइप करायची. त्या मानाने यानातली माणसं मला बरीच समजूतदार वाटली.

तेव्हापासून नवा भाग आला की आम्ही दोघं ठरलेले. हे गेले त्यानंतरही. मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागल्यावरही भाग लागला की शुक्रवारी गाडीत बसायचा आणि शनिवारी सकाळी दारात उभा असायचा. आल्या आल्या "तिकिटं काढलीस काय गं?" म्हणायचा. पायातले बूट काढायच्या आधी.

पाचवा भाग मात्र सपशेल फसला. आधीचे चारही एकाच दिग्दर्शकाने केले होते. त्याचं निर्मात्यांशी वाजलं आणि तो बाहेर पडला. त्याच्या जागी जो आणला त्याने जिकडेतिकडे स्फोट घडवले आणि मरायला टेकलेल्या माणसांच्या तोंडी विनोद घातले. हा भाग आमच्या बाजूला इंग्रजीतून फक्त कोल्हापुरात लागला होता, म्हणून आम्ही बसने तिकडे गेलो होतो. येताना निपाणी स्टँडवर बस बंद पडली. दुसरी बस येईपर्यंत आम्ही बाकावर चहा घेत बसलो. बाजूला तंबाखूची पोती भरलेला एक टेम्पो उभा होता आणि त्या वासाने मला शिंकांवर शिंका येत होत्या.

"त्यानं सगळं यान बिघडवून ठेवलंय गं आई," मुलगा म्हणाला. इतका रागावला होता, की घरातलंच काहीतरी कुणी मोडलंय असं वाटावं.

"मग आता दुसरा कोण बघायचा?" मी विचारलं.

आणि तो बोलायला लागला. कोण चालेल, कोण नको, कुणाला माणसं कळतात, कुणाला नुसती यंत्रं. हे गेल्यापासून त्याला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. चहा गार झाला तरी त्याचं चालूच. मला वाटलं, बस आलीच नाही तर किती बरं होईल. पण ती आली. संकेश्वर मागे पडलं तोवर मला भलताच धीर आला होता, आणि मी नंदगडच्या एका स्थळाचा विषय काढला. मुलगी शिकलेली होती, माणसं ओळखीतली होती. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं ते बेळगाव येईपर्यंत. मी काही वावगं बोलले असं मला आजही वाटत नाही. मुलाच्या लग्नाचं आईने नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? पण त्यानंतर तो वडिलांच्या श्राद्धापुरता येऊ लागला. सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा.

रविवारी दुपारी त्याचा फोन मात्र न चुकता यायचा. घास मध्येच ठेवून उठायला लागू नये म्हणून मी फोन येऊन गेल्यावर जेवते.

"जेवलास काय रं?"

"जेवलो. तू?"

"मीबी जेवले. बरा हाईस न्हवं?"

"बरा हाय."

"काय विशेष?"

"काय न्हाय."

मग त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू यायचा. थोडा वेळ आम्ही दोघं तो पंखा ऐकायचो, आणि तो म्हणायचा, "ठेवू काय?" लोकांची मुलं अमेरिकेत असतात, निदान लांब आहे म्हणून तरी सांगता येतं. माझा एका रात्रीच्या अंतरावर होता. फोन ठेवला की मी ताट वाढून घ्यायची आणि टीव्ही लावायची, बघायला नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून.

एका रविवारी तो "ठेवू काय?" म्हणाला आणि मला ते सोसेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या यानाचं काय झालं रं? नवीन डायरेक्टर कोण बघालेत?"

त्या दिवशी तो अर्धा तास बोलला. पंख्याचा आवाज काही ऐकू आला नाही.

मग मी तयारीलाच लागले. रिकाम्या दुपारी चष्मा लावून त्या फोनवर मी एकेका उमेदवाराचे जुने सिनेमे बघू लागले. मुलाखती बघितल्या, खालची इंग्रजी अक्षरं वाचून वाचून डोळे दुखले. पण दिग्दर्शक निवडायचा म्हणजे करायचं तरी काय, शेवटी स्थळच बघायचं. कुणाच्या हाताखाली शिकला, आधीच्या घरी नांदला की भांडून निघाला, बोलताना समोरच्याचं ऐकून घेतो की आपलंच दामटतो. मुलाचं लग्न हा विषय बंद झाल्यावर माझी ती सगळी हौस मी यानावर भागवून घेतली.

एक म्हातारा होता, फार मोठ्या नावाचा. युद्ध इतकं देखणं दाखवायचा की ते थांबू नये असं वाटावं. तो मला पसंत नव्हता. एक तरुण होता, भुताचे सिनेमे करून आलेला. मुलाचा जीव त्याच्यावर. आणि ही बाई. कुठल्याशा थंड देशातली, अगदी लहान लहान सिनेमे केलेली. एका सिनेमात तर दोन बहिणी नुसत्या स्वयंपाकघरात बसून होत्या, आणि मी जागची हलले नव्हते.

"तिला यान जमणार न्हाय गं," मुलगा म्हणायचा. "एवढं मोठं काम तिनं कधी केलंय काय?"

"यान बनवायला लई माणसं मिळतात. आतली माणसं कोण सांभाळणार?"

"आन तिनं सगळंच बदललं तर?"

मी त्याला सांगितलं, चालत्या घरात नवी सून येते तसं हे आहे. पहिल्याच दिवशी सगळे डबे हलवले तर घरचे बिथरतात, आणि एकही डबा हलवला नाही तर ती आली कशाला? तिला कळायला पाहिजे कुठला हलवायचा. तो हसला. तो फोनवर हसला की माझा पुढचा आठवडा बरा जायचा.

शेजारच्या आक्कांना भिंतीपलीकडून यातलं अर्धंमुर्धं ऐकू जायचं. एकदा मी मोठ्याने म्हणत होते, "बाई चांगली हाय रं, फक्त मोठं घर सांभाळलेलं न्हाय." दुसऱ्या दिवशी आक्का साखर न्यायला आल्या त्या दारातच थबकल्या.

"ठरालंय म्हणं पोराचं? कुठली गं पोरगी?"

"लई लांबची हाय आक्का. तिकडं सारखं बर्फ पडतंय."

"आग्गंबाई! आन म्हातारा कोण? त्याला नको म्हणालीस न्हवं?"

खरं काय ते सांगायला मला पाऊण तास लागला, आणि आक्कांचा विश्वास अजून बसलेला नाही. कडोलीला त्यांची बहीण असते, तिथवर ही बातमी पोचली आहे.

असं सगळं चाललं होतं. निर्माते निर्णय लांबवत होते आणि मी मनातून त्यांना दुवा देत होते. कुणी नाही म्हणालं, कुणाच्या तारखा जुळल्या नाहीत, कुणाला म्हणे गोष्टच पटली नाही. प्रत्येक नकारात आमचे दोनचार रविवार निघून जायचे. आणि आता गुरुवारी सगळं संपलं होतं. शुक्रवार आणि शनिवार मी वेड्यासारखी विषय शोधत होते. त्याच्या ऑफिसबद्दल विचारावं तर तो वैतागतो. माझ्या गुडघ्यांबद्दल बोलावं तर त्याला वाटणार, ये म्हणून सुचवते आहे. यानापलीकडे आपल्याला मुलाशी बोलायला काही नाही, हे मला त्या दोन दिवसांत पुरतं कळलं आणि माझा मलाच राग आला.

रविवारी फोन आला. जेवलास, जेवलो, बरा, काय विशेष. मग तोच म्हणाला, "डायरेक्टरचं अजून काय ठरंना बघ आई."

त्याच्या वाचनात आलं नसणार. मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले.

"बरंच की. घाई कशाला?" मी म्हणाले. धडधडीत खोटं बोलले आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मग आम्ही पुन्हा भांडायला लागलो. तो तर त्या दिवशी जास्तच जोरात होता. म्हातारा कसा परवडला, भुतांवाला कसा हुशार आहे, सगळं पहिल्यापासून.

"तुझी बाई मात्र नकोच," तो म्हणाला. "त्या बर्फात जाऊन यान कसं उभं करणार हायत?"

मी बोलता बोलता थांबले. चित्रीकरण बाईच्या देशात, बर्फात होणार, हे गुरुवारच्या बातमीत होतं. त्याआधी ते कुठेच आलेलं नव्हतं. यानाबद्दल छापलेलं एकही अक्षर मी सोडलेलं नाही, मला माहीत आहे.

आमच्या वकिलांकडे एक म्हातारे पक्षकार यायचे. त्यांच्या केसचा निकाल कधीच लागला होता, तरी दर सोमवारी येऊन बाकावर बसायचे आणि मला विचारायचे, "बाई, पुढची तारीख कवाची?" आम्ही सगळे त्यांना हसायचो. घरी त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, हे तेव्हा आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"ठरलंय की रं," मी म्हणाले. "गुरुवारीच ठरलंय."

पंख्याचा आवाज यायला लागला.

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. रविवारी काय बोलायचं आपण?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकटेपणा काय तो फोनच्या माझ्या बाजूला आहे, असं मी इतके दिवस धरून चालले होते. त्याच्याकडे नोकरी आहे, मित्र आहेत, एवढं मोठं शहर आहे, असं मनाशी म्हणायचे. आणि हा बाप्या तिकडे माझ्यासारखाच विषय शोधत बसला होता. यान नव्हतं, दिग्दर्शक नव्हता, उरला होता तो नेहमीचा प्रश्न. तो मी मघाशीच विचारलेला होता, तरी परत विचारला.

"जेवलास काय रं?"

"न्हाय," तो म्हणाला.

"का?"

"एकट्यानं बसून जेवाय नको वाटतंय गं."

"मीबी जेवले न्हाय," मी म्हणाले. "जा, ताट घेऊन ये. फोन ठेवू नको."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. मीही माझं ताट वाढायला उठले.