पुलाचं पाणी

कोकिळा तायडे म्हणजे गरीब गाय, असं म्हणणारा माणूस मोताळा तालुक्यात शोधूनही सापडला नसता. तोंडानं फटकळ, चालीनं झपाट्याची, आणि एकदा नाही म्हणाली की कलेक्टर आला तरी नाहीच! सोनाळ्याच्या मनकर्णाबाईची ही लेक. बाप छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या पोरीला शाळेत बसवून मोकळा झाला. लोक हसले, "पोरीले शिकवून काय कलेक्टर करतं काय बे?" तो म्हणाला, "झाली तं होऊ दे ना, तुमच्या बापाचं काय जाते?" तो लवकर गेला. मग मायनं लोकांच्या वावरात कापूस वेचला, निंदण केलं आणि पोरीला अमरावतीला डिप्लोमाला धाडलं. वर्गात मुलगी ही एकटीच. मास्तर म्हणाले, बाई, शिवणकामाचा वर्ग इथं नाही. ही म्हणाली, मला पूल शिवायचे आहेत, बसू का?

बांधकामाच्या कचेरीत ती ओव्हरसिअर म्हणून लागली, तर तिथंही तेच. बाईमाणूस, उन्हातान्हात कुठं हिंडणार? बस फायली लावत. तिला त्या टेबलावरून उठवलं इंद्रभान वायाळांनी. हे उपअभियंता, मेहकरकडचे, गालात कायम पान आणि नाकाच्या शेंड्यावर राग. "पोरी, कागदावरच्या पुलावरून कोणी नाला ओलांडते काय? चाल जीपमंधी बस." असं म्हणून जे नेलं, ते दोन वर्षं तिला जिल्हाभर फिरवलं. काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय पाया धरू नये, हे त्यांनी शिकवलं. गुत्तेदाराचा चहा प्यावा पण जेवण जेवू नये, हेही त्यांनीच शिकवलं. आणि सिमेंटचं म्हणाल तर त्यांचा एकच मंत्र, "नवं काँक्रीट तान्ह्या लेकरावानी असते. सुरवातीले पाणी कमी पडलं तं जन्माचं कमजोर. वरून खिळा ओढून पाहाचा. भुकटी निंघाली, तं समज तहानलेलं राह्यलं." कोकिळाला बाप आठवत होता तो धूसर, बापाच्या जागी तिनं याच माणसाला बसवलं होतं. म्हणून तर पुढं जे झालं, ते दोघांनाही फार लागलं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. मोताळ्याच्या अलीकडं एका नाल्यावर छोटा पूल बांधायचा होता आणि त्याला जोडून रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. दोन्ही कामं कोकिळाकडं. मातीच्या टोपल्या उचलायला कोण नव्हतं? रोजंदारीवाल्या बाया होत्या, तशा वीस एकरांच्या मालकीण अन्नपूर्णाबाईही होत्या. त्या साली वावर असून काय चाटायचं होतं! कामावर खायला सुकडी मिळायची, पण पिण्याच्या पाण्याची गाडी बंद पडली ती पडलीच. पाणी यायचं ते फक्त पुलाला. स्लॅब नुकताच ओतला होता, तो ओला ठेवायला रोज एक टँकर. वरून हुकूम होता, टँकरचं पाणी कामालाच, माणसांना नाही.

एका दुपारी जनकाबाई नावाची पोटुशी बाई टोपलीसकट कोसळली. कोकिळानं इकडं पाहिलं नाही, तिकडं पाहिलं नाही, सरळ जाऊन टँकरची तोटी सोडली. म्हणाली, "रांग लावा. एकच रांग." दोघीतिघी कुरकुरल्या, कोण कोणाच्या मागं उभं राहणार म्हणून. ती कडाडली, "ज्याले माही रांग चालत नसन, त्याले तहानच लागली नाही!" अन्नपूर्णाबाई मुकाट्यानं जनकाबाईच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मग रोज तसंच. दुसरा टँकर मागायला तिनं कचेरीत निरोपावर निरोप धाडले, पण कचेरी तरी आणणार कुठून? बाया पाणी प्याल्या आणि वैशाखाच्या उन्हात स्लॅब कोरडाच तापत राहिला.

तेवढ्यात मुंबईचा कोणी मोठा पाहुणा पुलाच्या उद्घाटनाला येणार असं ठरलं. वायाळसाहेब जीप घेऊन आले, सोबत गुत्तेदार पंजाबराव. स्लॅबखालचे लाकडी टेकू काढा म्हणाले. कोकिळा आडवी आली.

"स्लॅब कच्चा आहे साहेब. त्याचं पाणी बायाईले पाजलं. मी पाजलं."

साहेबांनी तिला हाताला धरून बाजूला नेलं. "कोणी इचारलं तुले? चूप राह्य. मी सही करतो, मी निस्तरतो. तुही नोकरी जाईन पोरी! तुह्या मायनं कापूस वेचू वेचू..."

"मायले मधात आणू नका. उद्या या पुलावरून भरलेली एसटी जाईन, थिच्यात कोणाची माय बसली नसन काय?" तिनं खिशातला खिळा काढून स्लॅबच्या कडेवरून ओढला. पांढरी भुकटी उडाली. "हे कोणी शिकवलं मले?"

साहेबांचा चेहरा उतरला, मग तापला. "तं मंग चूक कबूल कर! सरकारी पाणी वाटलं तू."

"काऊन कबूल करू? स्लॅब पुन्हा ओतता येते साहेब. जनकाबाई पुन्हा ओतता येते काय? उद्या तशी पाळी आली तं उद्याही वाटीन. अन् उद्याही सांगीन का स्लॅब कच्चा आहे. लपवणार नाही अन् माफीही मांगणार नाही."

"तुह्याकडचा चार्ज काढला," साहेब ओरडले. "या घडीपासून इथं तुहा हुकूम चालत नाही!"

तो चार्ज परत मिळायला तिला पुढं निलंबनात वर्षभर घरी बसावं लागलं. बढती तर सोबतच्या साऱ्यांना मिळाल्यावर मिळाली. ती मोठी साहेब झाली, हाताखाली तरणे इंजिनिअर आले, तेव्हा कोणी त्या वर्षाबद्दल हळहळलं की ती खेकसायची, "रडता काय? बसली होती घरी, मेली नव्हती."

इकडं तिचा चार्ज गेला आणि पंजाबराव खूश झाला. "चाला बायाहो, ओढा टेकू!" एकही बाई हलली नाही. अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला, स्लॅबखाली गेल्या आणि टेकूला पाठ लावून बसल्या. मागोमाग जनकाबाई, मागोमाग सगळ्या. "याचं पाणी आमी पेलो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "टेकू काढाचेच असन तं आमच्या आंगावर पाडा." पंजाबरावानं विनवलं, दरडावलं. साहेबांनी हजेरी कापायची धमकी दिली. छे! कोणी ऐकेना.

कोकिळा मात्र भडकली. "अकला गहाण ठेवल्या काय? कच्च्या स्लॅबखाली बसतात? उठा! भाईर निंघा आधी!"

आणि सगळ्या उठल्या. एका दमात, पदर झटकत, मुकाट बाहेर आल्या. जनकाबाईला तेवढं दोघींनी हात देऊन उठवलं.

वायाळसाहेब पाहत राहिले. तोंडातलं पान त्यांनी थुंकून टाकलं. "पंजाबराव, टेकू राहू द्या. स्लॅब फोडाचा आहे."

"अन् पाहुणे, साहेब?"

"पाहुण्याले नाल्यातून पायी आणू. नाला कोरडाच आहे."

मग ते कोकिळाकडं वळले. दोन वर्षांत त्यांनी तिला पोरी सोडून दुसरी हाक मारली नव्हती. "बाई," ते म्हणाले, "सांगा. कुठून सुरू कराचं?"

"चार्ज नाही माह्याकडं," ती फणकारली.

"नाही. तो मी काढला. तरी तुमीच सांगा."

तिनं डोळे पुसले, रागारागानंच. "वरून. कडेकडून पट्ट्या पाडत या, मधात हात लावू नका. अन् तुमी तिथून सरका साहेब, स्लॅबखाली उभे आहात."

साहेब झटक्यानं सरकले.