पदरचा प्रसंग

आत्या घरात असली की दिवसा दाराला कडी लागत नसे. मांजर शिरो, विक्रेता शिरो, दार नुसतं लोटलेलं. आणि ही बाई दाराकडे तोंड करून बसलेली. भाची तिच्याच मांडीवर वाढली, पण हे असं का, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही. घरच्या माणसांच्या खोडी भिंतीच्या रंगासारख्या असतात, रोज दिसतात म्हणून दिसत नाहीत.

भाची समाजशास्त्राची, आणि प्रबंध सिनेमावर. सिनेमा चांगला की टुकार हे सांगणारी समीक्षा तिला करायचीच नव्हती. तिच्या मार्गदर्शक बाई म्हणत, सिनेमा अर्धाच पडद्यावर असतो, उरलेला बघणाऱ्यांच्या घरी राहायला जातो. तो तिथे जाऊन शोधा. म्हणून एक जुना सिनेमा निवडला. तो पाहिलेल्या बायका गाठायच्या, आठवेल तसा सांगायला लावायचा, मग सगळ्यांना एकत्र बसवून तोच पुन्हा दाखवायचा आणि आठवण कुठे घसरली ते बघायचं.

बायका आत्यानेच मिळवून दिल्या. तरुणपणी ती ज्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायची, तिथल्या मैत्रिणी आता दात पडलेल्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या तिला अजून ‘थेटरवाली’च म्हणत. नोकरी होती औषधाच्या कारखान्यात, बाटल्यांना लेबलं चिकटवायची. पण सुट्टीला सिनेमा बघून यायची आणि नळापाशी बसून तो असा सांगायची की बादल्या भरून वाहायला लागल्या तरी कोणी उठायचं नाही. भाचीला याचं भारी कौतुक वाटलं. पुढे काय वाढून ठेवलंय याची तिला काय कल्पना!

सिनेमाची गोष्ट साधी होती. मुलगी घरच्यांना न विचारता लग्न करते, घर सोडते, परत येत नाही. शेवटी ओसाड रस्ता दिसतो आणि संपतं.

गल्लीतल्या बायकांच्या सिनेमात मात्र ती परत यायची. एकजात सगळ्यांच्या. भर दुपारी येऊन दार वाजवते. आत शिवणाचं मशीन चालू असतं. ते थांबतं. मग दार उघडतं आणि आई म्हणते, “उन्हातून आलीस. आधी पाणी पी.”

भाचीने सिनेमा पुन्हा पुन्हा बघितला. दार नाही, दुपार नाही, मशीन तर औषधालासुद्धा नाही. मार्गदर्शक बाई खूश झाल्या. अख्ख्या गल्लीची आठवण खोटी निघते आहे, एवढा एकच मुद्दा प्रबंधाला पुरेल म्हणाल्या. सिनेमा दाखवला की बायका स्वतःच कबूल करतील.

पण बायकांच्या सांगण्याची जी ध्वनिमुद्रणं भाचीने केली होती, ती तिला ऐकवेनात. ‘मशीन थांबतं’ म्हणताना प्रत्येक म्हातारी आवाज खाली आणायची आणि तिथेच, त्याच एका जागी, गप्प व्हायची. वेगवेगळ्या बायका, शांतता एकच. त्या शांततेत कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं तिला वाटायचं. एकदा ऐकता ऐकता तिने मान वर केली आणि आतल्या खोलीत चादरीखाली झाकलेलं आजीचं मशीन दिसलं. आजी गेली, आत्या भावाकडे राहायला आली, मशीनही आलं. पण त्यावर कोणी कधी टाका घातला नव्हता.

ती जाऊन आत्याच्या समोर बसली. त्या बायकांनी सिनेमा बघितलेलाच नाही, खरं ना, असं तिने विचारलं. तूच सांगितलास, आणि पदरचं घालून सांगितलास.

“पदरचंच होतं,” आत्या म्हणाली.

मग दाराकडे बघतच तिने सगळं सांगितलं. न विचारता केलेलं लग्न वर्ष उलटायच्या आत मोडलं. ती आईच्या दारात आली, कडी वाजवली. आत मशीन थांबलं. आई ऐकत होती, हे तिला दारातून कळत होतं. ती उभी राहिली. आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

कुठे जायचं ते कळेना, म्हणून ती थेटरात जाऊन बसली. अंधारात रडलं तर कोणी विचारत नाही. मुलगी घर सोडते तेवढं दिसलं, पुढे पडद्यावर काय चाललंय ते दिसलंच नाही. पुढे गल्लीत खोली मिळाली आणि एक दिवस बायकांनी विचारलं, कुठला सिनेमा बघितलास, सांग ना. तिने सांगितला, न दिसलेल्या जागी स्वतःचंच घालून. दाराशी आल्यावर मात्र तिची जीभ पुढे रेटेना, म्हणून गोष्टीत तिने ते उघडलं.

भाचीला रडू फुटलं. आता त्यांना सिनेमा दाखवणं म्हणजे ते दार पुन्हा बंद करणं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. तिने ठरलेलं रद्द करते म्हटलं. आत्याने ऐकलं नाही. म्हणाली, “दाखव. मीही येते. शेवट कुठे पाहिलाय मी?”

वाचनालयाचा हॉल, पांढरा पडदा, खुर्च्यांत म्हाताऱ्या. आत्या शेवटच्या ओळीत, दाराजवळ. सिनेमा सरकत गेला, मुलगी गेली, ओसाड रस्ता आला, दिवे लागले. भाचीला मान वर करून बघायचा धीर होईना.

नळासमोर राहणारी म्हातारी, सगळ्यांत थोरली, चिडून म्हणाली की मधलं कापलंय. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दार उघडतं ते कुठे गेलं? जुन्या सिनेमांची अशीच वाट लावतात मेले.

“नाही गं,” आत्या मागून हळूच म्हणाली. “उघडत नाही.”

थोरलीने खुर्चीतच वळून तिच्याकडे बघितलं. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे.

“तू नसशील पाहिलं,” ती म्हणाली. “आम्ही पाहिलंय.”

त्या दुपारी घरी आल्यावर आत्याने दाराला कडी लावली, भिंतीकडे तोंड केलं आणि गाढ झोपली. भाची जेवायची थांबली, लिहायची थांबली. कोणी वाजवली तर लगेच उघडता यावी म्हणून, कडीकडे कान लावून ती संध्याकाळपर्यंत दारासमोर बसून राहिली.