जबाबदारी सिस्टर अलुमची

लिरा शहराजवळच्या बालसुधारगृहात सिस्टर अलुम अकरा वर्षं नोकरीला होती. औषधांचं एक कपाट आणि ऐंशी मुलं. आहे त्यात भागवायची तिला सवय होती. पण त्या शुक्रवारी भागण्यासारखं नव्हतं.

चौदा वर्षांची अडोंग सकाळपासून फरशीवर तळमळत होती. सावत्र बापाला कुदळीच्या दांड्यानं मारलं, म्हणून ती इथं आलेली. "हाडं फुटतायत, सिस्टर," एवढंच ती म्हणत होती. अलुमनं तिची पापणी वर केली. डोळा पिवळाधमक.

"लहानपणी हातपाय सुजायचे का गं?"

पोरीनं होकारार्थी मान हलवली. सिकलसेल असणार, रक्तातला जन्मजात आजार! हिला आत्ताच इस्पितळात न्यायला हवं, असा अलुमनं निरोप धाडला.

अधीक्षक ओक्विर दारातूनच म्हणाले, "नाटकं आहेत सगळी. मागच्या महिन्यातला तो पोटदुखीवाला इस्पितळाच्या भिंतीवरून पसार झाला, आणि वरून बोलणी खाल्ली मी. कोर्टाचं पत्र आणा, मग न्या."

"मॅजिस्ट्रेट सोमवारी येणार, साहेब."

"मग सोमवारी न्या."

"सोमवारी न्यायला शवपेटी लागेल."

अलुमनं नोंदवही ओढली आणि उभ्याउभ्याच लिहिलं: मुलगी पळाली तर जबाबदारी माझी.

"नोकरी जाईल, सिस्टर."

"ठाऊक आहे."

भाड्याच्या मोटरसायकलवर तिनं बेड्या घातलेल्या अडोंगला पुढ्यात घट्ट धरलं. पहारेकरी ओगवाल मागच्या गाडीवर. इस्पितळात रांग लांबलचक. तासाभरानं अडोंग कण्हत म्हणाली, "लघवीला जायचंय."

संडास मागच्या अंगणात होता, मोडक्या कुंपणाला लागून. ओगवाल बेड्या काढेना.

"मनगट बघ तिचं, कसं टम्म फुगलंय! काढ म्हणते ना!"

त्यानं कुरकुरत किल्ली फिरवली. अलुम दाराबाहेर उभी राहिली. दोन मिनिटं गेली, मग पाच. हाक मारली, उत्तर नाही. दार ढकलताना आपल्याही मनात आधी कुंपणच आलं, हे तिनं पुढे स्वतःच कबूल केलं.

अडोंग भिंतीशी कोसळली होती, ओठ पांढरेफटक. अलुमनं तिला खांद्यावर टाकलं आणि रांग तोडून थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी नेलं. "शिव्या नंतर द्या," ती लोकांवर ओरडली, "आधी रक्त द्या हिला!"

दोन बाटल्या रक्त चढलं. तपासणीत सिकलसेलच निघाला. चौथ्या दिवशी पोरीनं मक्याचा घट्ट पोशो आणि घेवडा पोटभर खाल्ला.

अलुमला नियम मोडल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. मॅजिस्ट्रेटनं मात्र डॉक्टरांचा कागद वाचून अडोंगला मावशीच्या ताब्यात दिलं. अट एकच, दर महिन्याला सिस्टरकडून औषध न्यायचं. आता ती मावशीच्या गावी एका शिंपिणीकडे शिवण शिकते. गारठ्यात गुडघे दुखतात, तेव्हा मशीन बाजूला ठेवून काजं करत बसते. मागच्या खेपेला ती दोन दिवस उशिरा आली, तर अलुमनं तिला सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं, की ओक्विरसाहेबच मध्ये पडून म्हणाले, "पुरे हो, सिस्टर. आली ना पोर!"